रस्त्याखालचे पाणी

चिपळूणहून कऱ्हाडकडे जाताना कुंभार्ली घाट लागतो. घाटात डोंगराच्या अंगाला गटार खणलेले दिसते, आणि ठिकठिकाणी रस्त्याखालून मोऱ्या काढलेल्या असतात. प्रवाशाची दृष्टी दरीवर खिळलेली; गटाराकडे कोण पाहणार! परंतु वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या मुलखात रस्ता तरतो, तो पुष्कळसा त्यांच्याच जिवावर. डांबर हे रस्त्याचे केवळ कवच होय. गाड्यांचा भार अखेरीस खालच्या जमिनीवर येतो, आणि ती भिजून मऊ झाली की कवच तडकते.

लडाखात पाऊस नाममात्र पडतो. तेव्हा तेथील रस्त्यांना पाण्याचे भय नसावे, असे तुम्हांला वाटेल. पण तेथे जमिनीत मुरलेले पाणीच हिवाळ्यात गोठते, आणि माती बारीक असेल तेथे रस्त्याला खालून वर उचलते. गावांचे धान्य, इंधन आणि सैन्याची रसद याच रस्त्यांनी जावयाची असते.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, हे तुम्ही जाणता. पण तेवढ्याने रस्ता वीतभर वर यावयाचा नाही. थंड देशांत तर तो तसा आलेला आढळतो. अमेरिकेतील भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९३० च्या सुमारास एक चतुर प्रयोग केला. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझीन घातले. बेंझीन गोठताना आकसते. तरीही माती वर उचलली गेली! मग हे बळ आले कोठून?

समईची वात तेल वर ओढते, तशी बारीक गाळमाती खोलवरचे पाणी वर ओढते. थंडी वरून खाली उतरते. ती जेथे पोचते तेथे बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो, आणि खालून येणारे पाणी त्याला मिळत जाऊन तो जाड होत जातो. असे अनेक थर साचले म्हणजे रस्ता फुगतो.

थंडीला आवर घालणे माणसाच्या हाती नाही. म्हणून अभियंते गाळमाती खोलवर उकरून काढतात आणि तेथे भरड वाळू व खडी भरतात. खडीतील पोकळ्या मोठ्या. तिची वात होत नाही. भराव उंच ठेवतात, कडेला चर खणतात. नुसता डांबराचा थर वाढविणे हा वरवरचा उपाय झाला.

खरी हानी होते ती थंडी ओसरताना. वरचा बर्फ आधी वितळतो; खालचा अद्याप घट्ट असल्यामुळे पाण्याला वाट मिळत नाही, आणि मातीचा चिखल होतो. अशा वेळी भरलेला ट्रक गेला की रस्ता खचतो. म्हणून कॅनडात अनेक ठिकाणी त्या काही आठवड्यांत अवजड वाहनांना कमी माल भरूनच जाऊ देतात.