कोड: रक्तातून काय येते, काय येत नाही



वस्तीवर एखाद्या मुलीच्या ओठावर पांढरा डाग दिसला की घरच्यांना दोन प्रश्न पडतात. हा महारोग आहे का? आणि घराण्यात उतरेल का? या अंकाच्या अभ्यासासाठी हेच दोन प्रश्न घेऊ.

पहिल्याचे उत्तर स्पष्ट आहे. कोड म्हणजे महारोग नव्हे. महारोग जंतूंमुळे होतो. त्याच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही. कोडाच्या डागाला स्पर्श, ऊन, टोचणे सारे कळते. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच चुकून त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर हल्ला करतात, म्हणून डाग पडतो. तो शिवल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. लेवीय 13:38-39 पाहा. तेथे फिकट पांढरे डाग तपासून याजक त्या माणसाला शुद्ध ठरवतो. इतक्या जुन्या काळीही सगळे डाग एका मापाने मोजले नव्हते.

दुसरे उत्तर जरा सावकाश समजून घ्यावे लागते. कोडाचे एकच असे जनुक नाही. धोका थोडाथोडा वाढवणारी पन्नासच्या जवळपास ठिकाणे आपल्या गुणसूत्रांवर सापडली आहेत. त्यांतील बरीच रोगप्रतिकारक शक्तीशी निगडित आहेत, तर काही त्वचेच्या रंगाशी. उत्तर भारत व गुजरातमधील रुग्णांच्या 2012 सालच्या अभ्यासातही प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा असाच संबंध दिसला. अशा घराण्यांत थायरॉईडचे विकारही जास्त आढळतात, म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात.

मग रक्तात असले की होणारच का? 2003 सालच्या एका परदेशी अभ्यासात, एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला कोड असताना दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्के होते. जनुके तीच, तरी बहुतेकांना झाले नाही. सख्ख्या भावंडांत हे प्रमाण सुमारे 6 टक्के. आपल्या ज्वारीचेच पाहा ना. बी मातीत पडले तरी वाफसा नसेल तर उगवत नाही. जखम, उन्हाने भाजणे, ताण हे कोडाचे वाफसे ठरू शकतात. टिकलीच्या गोंदातील व रबरी चपलांतील काही रसायनांनीही त्वचेचा रंग जातो.

सोलापूरकरांना जन्माचा शिक्का नवा नाही. 1871 च्या कायद्याने पुढे कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. आपल्या शहरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले. तो भाग आजही सेटलमेंट म्हणून ओळखला जातो. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो शिक्का कायद्याने पुसला गेला, पण लोकांच्या मनातून तो अजून पुरता गेलेला नाही. त्याच वस्तीतल्या मुलीच्या कपाळी आता 'घराण्यात कोड' हा दुसरा शिक्का आपण मारायचा का? पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी स्वतः कोड असताना 'श्वेता असोसिएशन' उभी केली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ' या चित्रपटाचा विषयही हाच आहे.

उपचार आहेत. मलम आणि ठराविक किरणांचे उपचार लवकर सुरू केले तर अनेकांचा रंग परततो. चेहऱ्यावरचे डाग तुलनेने लवकर भरतात. बावचीचे तेल मनाने लावून उन्हात बसू नये, कातडी भाजते. सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात दाखवावे. डाग बधिर वाटला तर अजिबात उशीर करू नये. महारोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

चर्चेसाठी प्रश्न
1. सोयरीक जुळवताना आपल्या मंडळीत डागाविषयी काय बोलले जाते?
2. 'धोका आहे' आणि 'होणारच' यांतला फरक वस्तीवरच्या आईला आपण कोणत्या शब्दांत सांगू?
3. कोड असलेल्या व्यक्तीच्या हातचे पाणी आपण न कचरता घेतो का?