मदत मागितली तर अमेरिकेतला प्रवेश हुकतो का?

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. पदवीसाठी तिला अमेरिकेत जायचं आहे. आमचं वार्षिक उत्पन्न १८ लाख रुपये. ‘अर्जात आर्थिक मदत नको असं लिहा, प्रवेश झाला की मागा,’ असं एक सल्लागार सांगतात. तसं करावं का? – एक पालक, नाशिक

उत्तर : मुळीच करू नका.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ अशा मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थी निवडतानाही घरची ऐपत पाहत नाहीत. निवड झाली की त्यांच्या हिशेबाने ठरलेली गरज त्या पूर्ण भागवतात. तिथे मदत मागितल्याने काही बिघडत नाही.

स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल इथे मात्र परदेशी अर्जदाराने मदत मागितली असेल, तर निवडीत तीही विचारात घेतली जाते. अमेरिकी सरकारची मदत परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. सगळा भार संस्थेच्या निधीवर येतो आणि तो मर्यादित असतो. त्यामुळे तिथे स्पर्धा अधिक कठीण होते, हे खरं आहे.

तरीही गरज लपवण्यात मोठा धोका आहे. स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी अर्जाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढची चारही वर्षं ती मागता येत नाही. शिवाय व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कॉलेजचा दाखला मिळवताना पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. मोठ्या खासगी विद्यापीठांत राहण्या-जेवणासह हा खर्च वर्षाला ८०,००० डॉलरच्या पुढे जातो. तुमच्या उत्पन्नात तो बसणार नाही.

यादी करताना प्रत्येक कॉलेजाला दोन गोष्टी विचारा : परदेशी विद्यार्थी निवडताना ऐपत पाहता का? आणि गरज पूर्ण भागवता का? दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. ऐपत न पाहता प्रवेश देणारं प्रत्येक कॉलेज पुरेशी मदत देतंच असं नाही. गरजेचा आकडाही कॉलेजच ठरवतं. अनेक खासगी कॉलेजं त्यासाठी सीएसएस प्रोफाइल हा आर्थिक माहितीचा अर्ज भरून घेतात. आयकर विवरणपत्रं आणि बचतीचे कागद तयार ठेवा. ‘अर्ली डिसिजन’ने अर्ज केला, तर निवड होताच त्याच कॉलेजाशी बांधले जाता, इतरांची मदत ताडून पाहता येत नाही.

आणि मुलीशी हे आकडे मोकळेपणाने बोला. ऐपत पाहणाऱ्या कॉलेजाचा नकार म्हणजे तिच्या गुणवत्तेवरचा शेरा असेलच असं नाही, हे तिला अर्ज करण्याआधीच माहीत हवं.