स्वाध्याय : पोथीतली 'वैन्यागंगा' कोणती?




मागच्या गुरुवारी पारायणानंतर मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधू'चा विषय निघाला. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून त्याचा मान आहे. रचना शके १११० म्हणजे इ.स. ११८८ ची मानतात. ज्ञानेश्वरी त्यानंतर १०२ वर्षांनी, शके १२१२ मध्ये झाली.

ग्रंथात 'वैन्यागंगा' आणि 'अंबानगरी' हे शब्द आहेत, हे कळलं आणि आम्हा सगळ्यांना भरून आलं. आपल्या बालाघाटच्या वैनगंगेकाठी आद्य ग्रंथ! बॅनरवर तसं लिहायचंही ठरलं. तेवढ्यात बीडकडचं माहेर असलेल्या एक ताई म्हणाल्या, "अहो, मुकुंदराजांची समाधी तर आमच्या अंबाजोगाईला आहे." आम्ही त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. तिथे आमचं चुकलं. घरी जाऊन पुस्तकं काढली, त्यातून जे समजलं ते इथे मांडतो.

*१. शब्द काय सांगतो?* 'वैन्यागंगा' हा शब्द वैनगंगेकडे बोट दाखवतो. ती सिवनी जिल्ह्यात उगम पावते, आपल्याकडून खाली भंडाऱ्याकडे जाते. तिच्या काठी, नागपूर जिल्ह्यात, अंभोरा आहे. 'अंबानगरी' म्हणजे हेच, असं काही अभ्यासक मानतात. मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतल्या हरिनाथांची समाधीही तिथे दाखवतात. पण मग ती जागा अंभोऱ्याची झाली, बालाघाटची नाही. नदी एक असली तरी काठ लांबलचक आहे.

*२. दुसरा शब्द काय सांगतो?* 'अंबा' म्हटलं की योगेश्वरीचं अंबाजोगाई आठवणारच. समाधी तिथे आहे, परंपराही जुनी आहे. पण तिथून वैनगंगा वाहत नाही. म्हणजे एक शब्द इकडे ओढतो, दुसरा तिकडे. आपल्या सोयीचा तेवढा शब्द उचलायचा नाही, दोन्ही सोबत वाचायचे.

*३. नावसारखेपणाला भुलू नये.* गंमत बघा, अंबाजोगाई ज्या डोंगररांगेवर आहे तिचंही नाव 'बालाघाट'च! उद्या कुणी जुन्या कागदात 'बालाघाट' वाचून आपलं गाव समजलं तर?

*४. पोथी कोणती?* पूर्वी ग्रंथ हाताने उतरवत. त्यात शब्द बदलत, ओव्या शिरत. म्हणूनच नाथमहाराजांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करावी लागली. एका शब्दावर निकाल देण्याआधी तो जुन्या प्रतींत तसाच आहे का, हे विचारावं.

*५. प्रश्न नेमका कोणता?* समाधी कुठे आणि ग्रंथरचना कुठे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचा पुरावा दुसऱ्याला लावता येत नाही.

आम्हाला वाटतं, श्रद्धा म्हणजे आपल्याला हवा तो अर्थ पोथीच्या तोंडी घालणं नाही. ग्रंथ काय म्हणतो ते आधी ऐकायचं, मन दुखलं तरी. आणि समोरची ताई काय म्हणते तेही. आम्ही त्यांची माफी मागितली. बॅनरवर आता फक्त ग्रंथाचं आणि मुकुंदराजांचं नाव राहील.

*या आठवड्याचा स्वाध्याय :* नित्यपाठातला एक अडलेला शब्द निवडा. तो आणखी कुठे आलाय, मागची-पुढची ओवी काय सांगते, ते वहीत लिहा. अर्थ लगेच ठरवू नका. गुरुवारी मिळून बघू.

गुरुचरणी सादर 🙏