वारसाचे धन व आपले मृत्युपत्र
वडिलोपार्जित मिळकत हाती येताच नवी पेढी थाटण्याची घाई होते. आमच्या मते प्रथम येणी, देणी व तारणे यांचा स्वच्छ जमाखर्च मांडावा. मग स्वतःचे मृत्युपत्र करावे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांसही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने कन्याही एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत पुत्राप्रमाणेच हक्कदार आहे. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे वाटणी झाली, हा समज व्यापारी बंधूंत फार. भावाभावांतील दावे बहुधा येथूनच उद्भवतात! नामनिर्देशित मनुष्य रक्कम केवळ स्वीकारतो, मालकी वारसांचीच. गोमंतकात तर संतती असता अर्धी मिळकत कायद्यानेच तिच्यासाठी राखीव असते. मृत्युपत्राने उरलेल्या अर्ध्याचीच व्यवस्था करता येते.