पोस्टफिक्सच का?

सिटीवेस्ट, डब्लिन

चि. मैत्रेयी,

शाळेच्या डेबियन मशीनवर मेल सर्व्हर कोणता बसवावा म्हणून तू चार प्रोग्रामांच्या सोयींचा तक्ता पाठवलास. माझं मत पोस्टफिक्सच्या बाजूने आहे, पण त्याचं कारण त्या तक्त्यात नाही. मेल सर्व्हर रात्रंदिवस कुणाही अनोळखी माणसाचा मजकूर स्वीकारत बसतो. म्हणून त्याला काय काय येतं हे नंतर पाहावं. तो फुटला तर आत शिरलेल्याच्या हाती किती लागेल, हे आधी. 1988च्या नोव्हेंबरात मॉरिसचा वर्म ज्या वाटांनी पसरला, त्यांपैकी एक सेंडमेल या मेल सर्व्हरमधल्या डीबगच्या सोयीची होती. एक्झिम हा दुसरा मेल सर्व्हर 1995 साली केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी लिहिला. त्यात 2019 मध्ये सापडलेल्या दोषामुळे पत्त्याच्या जागी कमांड लिहून ती थेट रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वोच्च, अधिकाराने चालवता येत होती. वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये लिहून 1998 साली प्रसिद्ध केलेल्या पोस्टफिक्सची मांडणीच निराळी आहे: मेल घेणारी, रांग सांभाळणारी आणि पोचवणारी प्रक्रिया वेगवेगळी, आणि बाहेरच्यांशी बोलणाऱ्या प्रक्रियेकडे रूटचे अधिकार नाहीत.

आतल्या भिंतींचं मोल या देशाने फार महागात शिकलं. 18 मार्च 2021 रोजी आयर्लंडच्या आरोग्यसेवेतल्या एका संगणकावर फसव्या ईमेलसोबतची एक्सेल फाइल उघडली गेली, आणि 14 मे रोजी रॅन्समवेअरने देशभरातली यंत्रणा ठप्प केली. दोष मेल सर्व्हरचा नव्हता, हे खरं. पण चौकशी अहवालाने नेटवर्कमध्ये विभाग पाडलेले नव्हते यावर बोट ठेवलं, आणि एका फाइलपासून देशभरच्या रुग्णालयांपर्यंतचा प्रवास त्यामुळेच सोपा झाला. मेल सर्व्हरच्या आतही तोच न्याय लागू होतो.

यावर तू म्हणशील, ओपनएसएमटीपीडी या मेल सर्व्हरमध्येही अधिकारांची विभागणी होती, तरी 2020 मध्ये त्यात रूटपर्यंत पोचवणारं भगदाड सापडलंच की! बरोबर आहे. विभागणी म्हणजे अभयपत्र नव्हे, आणि 2023च्या अखेरीस उघड झालेल्या, एका संदेशात दुसरा लपवून नेणाऱ्या एसएमटीपी स्मगलिंगने पोस्टफिक्सलाही गाठलं. म्हणून दुसरी कसोटी: दोष निघाल्यावर दुरुस्ती किती लवकर येते? क्यूमेल या मेल सर्व्हरची रचना सुंदर होती, पण मूळ लेखकाची शेवटची आवृत्ती 1998ची. त्यातला 2005 साली दाखवलेला दोष 2020 मध्ये प्रत्यक्ष वापरता येतो हे सिद्ध झालं. पोस्टफिक्स आजही सांभाळला जातो, आणि डेबियनच्या सुरक्षा अद्यतनांतून दुरुस्ती आपोआप घेता येते. डेबियनची ठरलेली निवड एक्झिम आहे आणि नियम लिहायला त्याच्याइतकं लवचीक काही नाही, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मात्र तुझ्या शाळेला त्या लवचिकतेची गरज नाही. न लागणारी ताकद कशाला बाळगायची?

शिक्षकांच्या मेलपेट्या तूर्त एखाद्या तयार मेल सेवेकडेच राहू देत. स्वतः मेल पाठवायचे तर रिव्हर्स डीएनएस, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क नीट नसल्यास पत्रं स्पॅममध्ये जातात, आणि अनेक क्लाउड कंपन्या 25 क्रमांकाचा पोर्ट सुरुवातीला बंदच ठेवतात. पोस्टफिक्स आधी फक्त त्याच मशीनवरच्या प्रोग्रामांकडून मेल घेईल आणि सेवेच्या रिलेमार्फत पाठवेल, असा लाव. महिनाभर लॉग वाच. बाहेरून मेल घ्यायची वेळ आलीच तर मेलपेट्या वाचायला देणारा डव्हकॉट जोडण्याआधी मला कॉन्फिगरेशन पाठव.

तुझा मामा