पाण्याचा ताळेबंद

कापडाच्या धंद्यात वर्षअखेरीस माल मोजतात. किती ताके आले, किती विकले, किती शिल्लक. फरक पडला तर तो सापडेपर्यंत शहाणा व्यापारी नवा माल भरत नाही. शहराच्या पाण्याला मात्र हा नियम कोणी लावत नाही. टंचाई आली की मागणी होते ती नव्या धरणाची.

रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शहराची मुख्य भिस्त शीळ धरणावर आहे. तरीही उन्हाळ्यात पाणीकपात आणि टँकर हे आपल्याला नवे नाही. टँकरचे पैसे हॉटेलवाल्याला आणि घरमालकाला रोख मोजावे लागतात, ते कोणत्याच सरकारी हिशेबात येत नाहीत.

केंद्राच्या नगरविकास खात्याने 2008 मध्ये पाणीपुरवठा मोजण्याचे निकष ठरवून दिले. माणशी रोज 135 लिटर, 24 तास पुरवठा, प्रत्येक नळाला मीटर, बिलांची 90 टक्के वसुली. यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा बिनबिलाच्या पाण्याचा. तो 20 टक्क्यांवर जाऊ नये, असे ठरले. समजा शुद्धीकरण केंद्रातून रोज 100 लाख लिटर पाणी सुटले आणि बिले 60 लाखांची झाली, तर 40 टक्के माल बिनबिलाचा गेला. ही सारी चोरी नव्हे. काही गळती, काही बंद पडलेले मीटर, काही सार्वजनिक नळ. पण मोठा मीटरच नसेल तर 100 हा आकडासुद्धा अंदाजच!

गळती शोधण्याची एक साधी रीत आहे. एका भागात रात्रभर पाणी चालू ठेवायचे आणि दोन ते चार या वेळेत त्या भागाच्या तोंडाशी प्रवाह मोजायचा. लोक झोपलेले असतात; तेव्हा जे वाहते त्यातले बहुतेक जमिनीत जाते. याउलट दिवसातून तासभर पाणी सोडले की रिकामी पाइप फुटक्या सांध्यातून घाण ओढून घेते.

आफ्रिकेत युगांडाच्या सरकारी पाणी महामंडळाची 1998 मध्ये दैना होती. कंपाला शहर व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, म्हणजे पाण्याला तोटा नाही. पण बरेचसे पाणी बिलाविनाच जात असे. नवे व्यवस्थापक विल्यम मुहाइर्वे यांनी 100 दिवसांचा कार्यक्रम आखला, पुढे प्रत्येक विभागाशी कामाचा करार केला. उद्दिष्ट गाठणाऱ्या विभागाला बक्षीस, चुकणाऱ्याला जाब. काही वर्षांत महामंडळ नफ्यात आले, आणि तेही खाजगीकरण न करता.

जवळचे उदाहरण कराडशेजारच्या मलकापूरचे. या छोट्या गावाने मीटर बसवून 24 तास पाणी दिले. जो जास्त वापरेल त्याला चढा दर, त्यामुळे गरिबाचे बिल आटोक्यात राहिले.

नगर परिषदेकडे आपण दोनच आकडे दरमहा मागावेत: किती पाणी सोडले आणि किती पाण्याचे बिल झाले. वॉर्डवार मिळाले तर उत्तम.