पहिला स्वेटर क्रोशाचा

भाची : मावशी, येत्या थंडीत मला स्वतःसाठी क्रोशाचा स्वेटर करायचाय. साखळी येते, खांब येतो. शाळेत असताना तू माझ्याकडून एक तोरणही करून घेतलं होतंस. एवढ्या शिदोरीवर जमेल?

मावशी : जमेल की. स्वेटरला अवघड टाका लागतच नाही, मोजमाप लागतं. तोरण चार बोटं आखूड झालं तर दार तक्रार करत नाही. स्वेटर चार बोटं आखूड झाला की धाकट्या बहिणीला जातो.

भाची : मग आधी टेप घेऊ?

मावशी : आधी लोकर घे. रुखवताच्या रुमालांची ती बारीक पोलादी सुई डब्यातच राहू दे. त्या सुईनं अंगभर विणायला बसलीस तर पुढची थंडीही निघून जाईल. 5 मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सुई घे आणि तिला साजेशी मध्यम जाडीची लोकर. आपण लोकर म्हणतो, पण दुकानात मिळते त्यातली बरीचशी ॲक्रिलिक असते. पहिल्या वेळी तीच बरी. स्वस्त पडते, बोचत नाही, धुवायला सोपी. शिवाय पुण्या-नाशकाच्या थंडीला मेंढीची जाड लोकर हवीच कशाला? ऊन वर आलं की स्वेटर काढून हातात धरावा लागतो.

भाची : काळा रंग घेणार आहे मी.

मावशी : अजिबात नको. काळ्यात टाके दिसत नाहीत, आणि तू संध्याकाळी दिव्याखाली विणणार. फिका रंग घे. तुझ्या मापाला 500 ते 600 ग्रॅम लागेल, कारण सुयांवरच्या विणकामापेक्षा क्रोशा लोकर जास्त खातो. सगळे गुंडे एकाच लॉटचे घे, लेबलावर नंबर असतो. एक गुंडा जादाच आण. नंतर आणलेला त्याच रंगाचा गुंडा उन्हात धरलास की पट्टा उठून दिसतो.

भाची : आणि मग सुरू?

मावशी : मग नमुना. तोंड वाकडं करू नकोस, सगळ्यांना हाच भाग नकोसा होतो. 26 साखळ्या घाल. सुईवर एक वेढा घे, सुईपासून तिसऱ्या साखळीत सुई घालून धागा ओढून काढ. आता सुईवर तीन वेढे दिसतील. पुन्हा धागा घे आणि तिन्हींतून एका दमात बाहेर काढ. हा झाला अर्धा खांब. मुक्या खांबानं कापड पुठ्ठ्यासारखं होतं आणि पूर्ण खांबात वारा शिरतो, म्हणून स्वेटरला मला हाच आवडतो. ओळ संपली की काम उलटव, दोन साखळ्या घाल. या दोन साखळ्या टाक्यांत धरायच्या नाहीत. प्रत्येक ओळीत 24 अर्धे खांब, ना एक कमी ना एक जास्त.

भाची : माझं तर नेहमी त्रिकोणाकडे जातं.

मावशी : कारण तू शेवटचा टाका गाळतेस, नाहीतर वळणाच्या साखळीतच एक जादा घालतेस. प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकव. परत येशील तेव्हा शेवटचा टाका बरोबर त्या पिनेच्या जागी पडायला हवा. ते बघ, टाक्याच्या डोक्यावर वेणीसारख्या दोन दोऱ्या दिसतात ना, त्या दोन्हींखालून सुई जायला हवी. एकीखालूनच गेली तर मध्ये रेघ उमटते.

भाची : नमुना झाला, पुढे?

मावशी : धू. वाळव. मग मधल्या 10 सेंटिमीटरमध्ये टाके आणि ओळी मोज. कडेला मोजू नकोस, कडा खोटं बोलतात. समज, 14 टाके आणि 10 ओळी आल्या. तुझी छाती 90, वर 10 सैलपणा, म्हणजे घेर 100. पाठ 50 आणि पुढा 50. 50 सेंटिमीटरला टाके किती?

भाची : सत्तर.

मावशी : बरोबर. आता गंमत बघ. 10 सेंटिमीटरमध्ये 14 ऐवजी 13 येत असतील आणि तू तसेच 70 घातलेस, तर पाठ जवळजवळ 54 होते. पुढा धरून घेर 108 च्या आसपास गेला. एका टाक्यानं 8 सेंटिमीटर! म्हणून नमुना लागतो. तुझा हात सैल असेल तर सुई अर्ध्या मिलिमीटरनं बारीक घे, घट्ट असेल तर जाड.

भाची : मुंढा, गळा हे सगळं कापायचं कसं?

मावशी : पहिल्या स्वेटरला मुंढा नकोच. पाठ आणि पुढा दोन्ही सरळ चौकटी, खांदा थोडा खाली उतरलेला. खालची पट्टी आडवी विण. 8 टाक्यांची मुक्या खांबाची अरुंद पट्टी, पण दर ओळीत फक्त मागच्या दोरीतून, म्हणजे ती ताणली जाते. 50 सेंटिमीटर झाली की तिच्या लांब कडेवर 70 टाके उचल. उंची 58 हवी असेल तर पट्टीचे 5 वजा, 53 ओळी. दोन्ही चौकटी झाल्या की खांद्यावर दोन्ही बाजूंनी 16-16 टाके शिव, मधले 38 गळ्याला सोड. याहून कमी सोडलेस तर डोकं शिरणार नाही. बाही वर 56 टाके, मनगटाशी 32. दर तिसऱ्या ओळीला दोन्ही टोकांना एकेक टाका कमी कर. बारा वेळा केलंस की मनगट आलंच. दोन्ही बाह्या जोडीनं विण, नाहीतर दुसरी नक्की वेगळ्या मापाची होते.

भाची : व्हिडिओ बघून केलं तर?

मावशी : बघ, पण तो अमेरिकेचा आहे की इंग्लंडचा ते आधी ठरव. अमेरिकेत सिंगल म्हणतात तो आपला मुका खांब, इंग्लंडात त्यालाच डबल म्हणतात. निम्म्या बायका तिथेच चुकतात आणि दोष स्वतःच्या हाताला देतात.

भाची : इतका खटाटोप! दुकानात क्रोशाचे टॉप तयार मिळतात की.

मावशी : मिळतात, पण खरा क्रोशा मशीनवर होत नाही. मशीनवर होते ती त्याची नक्कल. तेव्हा अस्सल क्रोशाचा टॉप फार स्वस्तात दिसला की समजायचं, कुणाच्या तरी हाताला पुरते पैसे मिळाले नाहीत. आंध्रात नरसापूरला घरोघरी बायका क्रोशाची लेस विणतात. मारिया मीज या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यावर 1982 साली अख्खं पुस्तक लिहिलं. माल परदेशात जात होता आणि विणणारीला ‘घरी बसलेली बाई’ म्हटलं जात होतं. ते वाचल्यापासून मी हातकामात घासाघीस करत नाही.

भाची : आणि चुकलं तर?

मावशी : उसव. क्रोशाचं बरं असतं, सुईवर एकच वेढा उरतो. ओढलंस की हव्या त्या ओळीपर्यंत सरसर सुटतं, बाकीचं जागेवर राहतं. फक्त टोकं खोचण्याआधी एकदा अंगात घालून आरशासमोर उभी राहा.

भाची : झाल्यावर इस्त्री?

मावशी : ॲक्रिलिकला नाही. गरम इस्त्रीखाली त्याचा लवचीकपणा मरतो तो परत येत नाही. धुतलास की पिळू नकोस, टॉवेलात गुंडाळून दाब आणि दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर आडवा पसर. दोरीवर टाकलास तर ओल्या लोकरीचं वजन बाह्यांना गुडघ्यापर्यंत नेतं.